पातं फोटोतच राहिलं

माझा धाकटा भाऊ पुस्तकं बांधतो. बाइंडर. सरस, खळ आणि पुठ्ठा यांत त्याची तीस वर्षं गेली, म्हणून घरात सगळे त्याला चिकटराव म्हणतात. नाव मीच ठेवलंय, आणि त्याच्या सरसापेक्षा ते घट्ट बसलंय.

गंमत अशी, की या माणसाच्या हाताखालून हजारो पुस्तकं गेली असतील, पण वाचलं म्हणाल तर एकही नाही. पान उघडायचं, खालचा आकडा बघायचा, समास सरळ आहे ना बघायचं, की पुढचं पान. एकदा एक लेखक स्वतःची कादंबरी बांधायला देऊन गेले. न्यायला आले तेव्हा लाजत लाजत विचारतात, "कशी वाटली?" आमचे चिकटराव म्हणाले, "समास फार छान सोडलाय तुम्ही." लेखक पुन्हा त्या गल्लीत दिसले नाहीत. रहस्यकथांचं एक गिऱ्हाईक होतं, त्याला म्हणाला, "खून कुणी केला ते मला माहीत नाही, पण पान एकशे बारा गायब आहे. तेवढं आणा."

दुकान दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत लांब टेबल, तिथे माझी भावजय पानांचे गठ्ठे शिवते. हातात सुई, खांद्याला आणि कानाला मिळून फोन, आणि तरी टाका वाकडा जायचा नाही. मागच्या खोलीत कटिंग मशीन, म्हणजे बांधलेल्या पुस्तकाच्या कडा एका घावात सरळ कापणारं लोखंडी धूड. त्या धुडाचा दांडा नेमका मोडला तेव्हा, जेव्हा मोडायला नको होता.

झालं होतं असं, की मोठ्या वाचनालयानं पहिल्यांदाच याला काम दिलं होतं. दोनशे जुनी पुस्तकं, मुदत तीन आठवडे. वेळेत आणि नीट झालं तर वर्षभराचं सगळं काम याच्याकडे. नाही झालं तर ते पुन्हा कोपऱ्यावरच्या प्रेसवाल्याकडे, जो इतकी वर्षं ते करत आला होता. आणि कापायला पुस्तकं त्याच्याचकडे न्यायची म्हणजे आपल्या हातानं आपलं गिऱ्हाईक त्याच्या दारात सोडून यायचं. प्रेसवाला रस्त्यात भेटला तर खोकत विचारायचाही, "काय, दांडा बसला का?" जसं काही याच्या पायाचंच हाड मोडलंय.

जुना दांडा आता कुणी बनवत नाही. म्हणून चिकटरावांनी भावजयीचा फोन घेतला आणि जुन्या यंत्रांचा लिलाव करणाऱ्या एका साइटवर गेले. तिथे दिसलं: 'दणकट कटिंग मशीन. कामास तयार. फोटो पाहा!' खाली बारा फोटो. समोरून, बाजूनं, वरून. पातं असं चकाकतंय की त्यात भांग पाडावा.

मी तेव्हा तिथेच होते. म्हटलं, "अरे, खाली एवढं लिहिलंय, वाच तरी."

"ताई, मशीन मला कळतं. फोटोवरून कळतं." मग अंगठ्यानं सर्रकन खाली गेला, पुस्तक चाळतात तसा. "बारा फोटो, सगळे सरळ. छान आहे."

झालं. लिलावात शेवटपर्यंत दुसऱ्या कुणा एकाशी झुंजला आणि जिंकला. दिवसभर असा चालत होता, जणू मशीन नाही, किल्लाच सर केलाय.

पाच दिवसांनी टेम्पो आला. चार माणसांनी घामाघूम होऊन ते धूड आत आणलं. चिकटरावांनी लाकडी पेटी फोडली, चाक फिरवलं, पट्टीखाली हात घातला आणि हात तसाच राहिला.

"ताई, पातं कुठाय?"

"माझ्याकडे काय बघतोस? मी काय पर्समध्ये घालून फिरते?"

पेटीतला सगळा भुसा उपसला. पातं नाही. मग विकणाऱ्याला फोन लावला, स्पीकरवर, म्हणजे आम्हालाही मजा.

"अहो, फोटोत पातं आहे!"

"फोटोत मागे माझी स्कूटरपण आहे साहेब. ती पाठवू का?"

भावजयीनं तोंडाला पदर लावला. हा लाल झाला. "म्हणजे फसवलंत तुम्ही!"

"खाली स्पष्ट लिहिलंय. वर्णन वाचलं होतं का तुम्ही?"

माझा भाऊ बाकी कसाही असो, खोटं त्याच्या तोंडून निघत नाही. म्हणाला, "नाही."

फोन ठेवल्यावर भावजयीनं ते वर्णन मोठ्यानं वाचलं. आधी विकणाऱ्याच्या तीर्थरूपांनी धंदा कसा उभा केला ते. मग मशीन कुठल्या कुठल्या कामाला चालतं ते. मग पार तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत: 'फोटोतील सर्व भाग विक्रीत असतीलच असे नाही. पाते स्वतंत्र विक्रीस.'

"लबाड आहे मेला," मी म्हटलं.

"लबाड आहेच वन्सं," भावजय म्हणाली. "आणि तुमचे भाऊ आळशी आहेत. दोन्ही खरं आहे. एकामुळे दुसरं खोटं होत नाही."

साइटवर तक्रार केली. उत्तर आलं गोड गोड. विकणाऱ्याला फोटो बदलायला सांगितलंय, पण बोली लावण्याआधी वाचणं आणि शंका विचारणं हे घेणाऱ्याचं काम, सबब मशीन परत होणार नाही. चिकटराव स्टुलावर बसून राहिले. बांधलेली, पण न कापलेली ऐंशी पुस्तकं टेबलावर कडा पिंजारून बसली होती, झोपेतून उठवलेल्या पोरांसारखी. मुदत उरली होती बारा दिवस.

मग भावजयीनंच शोधून काढलं. त्याच माणसानं पातं वेगळं लिलावाला लावलं होतं! 'अस्सल पाते, धारदार, फोटो पाहा!' बोली लावणारे आधीच दोघं. लिलाव रविवारी दुपारी संपणार.

या वेळी मात्र थाट वेगळा. भावजय एकेक ओळ वाचणार, चिकटराव डोळे मिटून ऐकणार.

"लांबी: फोटोप्रमाणे."

डोळे उघडले. "फोटोप्रमाणे म्हणजे? फोटो माझ्या तळहाताएवढा आहे!"

"स्थिती: वयाच्या मानानं उत्तम."

"हे तर मी ताईबद्दलपण सांगतो."

मी पट्टी उगारली. पण तोवर हा मागच्या खोलीत गेलासुद्धा. जाड पुठ्ठा घेतला, मशीनमध्ये पातं जिथे बसतं तिथे धरला, पेन्सिलीनं भोकांच्या खुणा केल्या आणि कात्रीनं कापून चक्क पुठ्ठ्याचं पातं बनवलं. नवीन पुस्तकाचं आवरण तो असंच आधी मापाला कापून बघतो. मग फूटपट्टी लावून सगळी मापं वहीत उतरवली आणि साइटवर विकणाऱ्याला प्रश्न टाकायला बसला. लांबी किती इंच? भोकं किती, पहिल्यापासून दुसरं किती अंतरावर? धार पुरी आहे का? कुठे खाच आहे का? टेप लावून फोटो टाका.

मी म्हटलं, "अरे, इतकं विचारू नकोस. चिडेल, आणि देणार नाही." कबूल करते, हा सल्ला माझा. मी आयुष्यात बरेच सल्ले दिलेत, त्यातले काही तर बरोबरही निघालेत.

"चिडू दे," तो म्हणाला. "न विचारता घेतलं तेव्हा तो किती खूश होता बघितलंस ना?"

मला हे माहीत नव्हतं, की त्या साइटवर प्रश्न आणि उत्तरं सगळ्यांना दिसतात. विकणारा एक दिवस गप्प राहिला. मग उत्तर द्यावंच लागलं, कारण प्रश्न तिथे उघडा पडला होता. लांबी बत्तीस इंच. भोकं सहा. आणि शेवटी, नाइलाजानं: 'उजव्या टोकाला बारीक खाच आहे.' सोबत टेप लावलेला फोटो. मापं पुठ्ठ्याच्या पात्याशी तंतोतंत जुळली.

खाच हा शब्द दिसल्याबरोबर ते दोघं बोली मागे घेऊन पसार! रविवारी दुपारी आम्ही तिघं फोनभोवती बसलो होतो, आणि बोली लावणारे फक्त चिकटराव. पातं पहिल्याच बोलीत मिळालं.

"आणि ती खाच?" मी विचारलं.

"टोकाला आहे ना? धारवाला चार वेळा दगडावर फिरवील, गेली. मला ते फोटो बघूनच कळलं." मग घाईघाईनं, "वाचूनपण."

पातं आलं मुदतीच्या पाच दिवस आधी. धारवाल्यानं खाच घालवली, सहाही भोकांत स्क्रू बसले. चिकटरावांनी पहिलं पुस्तक पट्टीखाली सरकवलं, चाक आवळलं, दांडा ओढला. खच्चकन आवाज आला आणि कागदाची लांब झालर खाली पडली. त्यानं कडेवरून अंगठा फिरवला आणि पुस्तक बायकोच्या हातात दिलं. तिनं कड गालाला लावून बघितली. मी दुसरीकडे बघितलं, मलाही थोडी लाज आहे.

पुढचे चार दिवस मी झालरी गोळा करून पोत्यांत भरल्या, कंबर मोडली माझी. दोनशे पुस्तकं एक दिवस आधी गेली. वाचनालयाच्या बाई दहा-बारा काढून उलटसुलट बघून म्हणाल्या, "वर्षभराचं तुमच्याकडेच ठेवते."

त्याच संध्याकाळी भावजय म्हणाली, "साइटवाले विकणाऱ्याबद्दल अभिप्राय मागतायत. काय लिहू?"

"लिही. मशीन चांगलं. पातं चांगलं. फोटो फसवा. मी वाचलं नव्हतं."

तिनं तसंच लिहिलं. अर्ध्या तासात विकणाऱ्याचा फोन. आवाज एकदम मधाळ. "साहेब, ते 'फोटो फसवा' तेवढं काढता का?"

"काढलं तर 'मी वाचलं नव्हतं' हेपण काढावं लागेल," चिकटराव म्हणाले. "दोन्ही राहू दे. पुढच्या गिऱ्हाइकाला बरं पडेल."

तो काहीतरी पुटपुटत होता, पण तेवढ्यात दारात वाचनालयाची गाडी येऊन थांबली, पुढची शंभर पुस्तकं घेऊन. चिकटरावांनी फोन माझ्या हातात दिला आणि ओझं उतरवायला बाहेर पळाले. मी म्हटलं, "बोला हो. मी त्यांची मोठी बहीण. माझ्याकडे वेळच वेळ आहे."

त्यानं लगेच फोन ठेवला.