मोजून खाणारे उंदीर

१५ मार्च २००९, रविवार. विलासची खोली आवरायला घेतली. कपडे देऊन झाले होते, राहिला होता त्याचा छोटा तराजू. पारड्याला अजून पीठ चिकटलेलं होतं…

विलास माझा धाकटा भाऊ. कासार आंबोलीच्या आमच्या घरून पौड रस्त्यावरच्या एका प्रयोगशाळेत जायचा, तिथल्या उंदरांची देखभाल करायला. मधुमेह आम्हा दोघांनाही, आईकडून आलेला. त्याचं निदान झालं तेव्हा त्याने हा तराजू आणला आणि भाकरीचं पीठ तोलून घ्यायला लागला. साखर ताब्यात होती. मला ती कटकट वाटायची, मी नुसत्या गोळ्या घ्यायचे.

मग प्रयोगशाळेत मधुमेही उंदरांवर आतड्याचा बायपास सुरू झाला. अन्न आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून थेट पुढे जाईल, अशी जोडणी. वजन फारसं न घटताही त्यांची साखर झपाट्याने उतरली. शेजारच्या पिंजऱ्यांतल्या उंदरांवर ही शस्त्रक्रिया केलेली नव्हती. बायपासवाले जेवढं खातील तेवढंच विलास त्यांना तोलून घालायचा. त्यांची साखर चढीच राहिली.

"अक्का, ती बिचारी अर्धपोटी राहत्यात, तरी साखर हाय तितंच," एकदा जेवताना तो म्हणाला. "मग मी कशापायी तोलून खाऊ? आतडंच वळवाय पायजे."

"तू उंदीर हायेस व्हय?"

"त्यास्नी निदान कुनी टोमणं तरी मारत न्हाई," म्हणाला आणि तिसरी भाकरी ओढली.

मी जाऊन त्याच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमना भेटले. त्या म्हणाल्या, "अहो, त्या उंदरांचीही साखर थोडी उतरलीय. बायपासएवढी नाही, इतकंच. विलासना सांगा, पथ्य सोडू नका. त्यांच्यासारख्या सडपातळ माणसावर हे ऑपरेशन अजून कोणी करणार नाही."

मी सांगितलं. "थोडीनं काय हुतंय," म्हणाला. तराजू फळीवर गेला.

पुढे पायाला चप्पल लागली, जखम चिघळली. आधी अंगठा काढला, मग पाऊल. इस्पितळात त्याने विचारलं, "अक्का, मानसांचं कदी सुरू हुनार?"

"ठावं न्हाई," मी म्हणाले. खोटी आशा लावणं मला जमत नाही. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं… त्याच आठवड्यात गेला.

तराजू पुसला, पण कोणाला दिला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर ठेवला, पीठ तोललं, जास्तीचं डब्यात परत टाकलं. एकच भाकरी झाली. ती खाल्ली आणि शाळेत शिकवायला गेले.