शेवटच्यापर्यंत जाणारा स्टार

बीडला नव्यानंच निघालेल्या कॉम्प्युटर क्लासात मी पर्ल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकत होतो. सरावाच्या फाईलमध्ये दर ओळीला दोन गावं होती, दोन्ही आपापल्या अवतरणचिन्हांत. मला फक्त पहिलं गाव उचलायचं होतं. शोधायचा नमुना मी लिहिला: अवतरणचिन्ह, मग टिंब आणि स्टार, म्हणजे मधे कितीही अक्षरं, पुन्हा अवतरणचिन्ह. काही केल्या पहिल्या ओळीतलं नेकनूर एकटं येईना. वैतागून मी की-बोर्ड ढकलला.

शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "कावून चिडायलात? काय सापडलं ते आधी छापून तर बघा."

छापलं, तर नेकनूरपासून पालीपर्यंत सगळी ओळच आलेली. स्टार पहिल्या बंद चिन्हाशी थांबत नाही, शेवटच्यापर्यंत जातो. त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह टाकलं की मग पहिल्यापाशी थांबतो.

मला हसू आलं. आमच्या घरचंही हेच वळण. शेवटच्याचं जेवण होईपर्यंत कुणी पानावरून उठायचं नाही. शेवटचे असायचे दादा, माझे वडील. दात गेल्यापासून ते भाकर दुधात कुस्करून लई सावकाश खायचे, मग ताटातच पाणी ओतून, ताट धुऊन तेच पाणी प्यायचे. तोवर आमचे हात वाळून जायचे.

त्या संध्याकाळी जेवताना दादा म्हणाले, "लाईट जायच्या आत अभ्यास कर. ऊठ तू."

"न्हाई, बसतो की," मी म्हणालो.

आता माझेही दात हलायला लागलेत. थांबू नका, असं मीच घरात सांगून ठेवलंय, आणि सगळे उठतातही. धाकटी लेक मात्र वाळल्या हातानं बसून राहते, माझं ताट धुऊन होईपर्यंत.