बर्फाच्या फॅक्टरीमागे

मी स्वयंपाकघरात फरशीवर पडले होते. छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं झालं होतं. घरात चहाला आलेले शेजारचे तळेकाका, दुसरं कुणी नाही. आणि ते ॲम्ब्युलन्सवाल्यांना फोनवर ओरडून सांगत होते, "आइस फॅक्टरी के पीछे! अरे, सबको मालूम है!"

कुणालाच मालूम नव्हतं. ती फॅक्टरी पाडून तिथं टॉवर झाला, आता त्या टॉवरलाही लोक जुना म्हणतात.

काकांचं हे असंच. शारजात आमच्या तळ्याकाठी ते आले तेव्हा तळंच नव्हतं. खाडीचं पाणी, चिखल आणि मासेमारीच्या होड्या. त्या होड्यांना बर्फ पुरवणाऱ्या फॅक्टरीत काका मेकॅनिक होते. पुढे खाडी खणून तळं केलं, काठाला दगड बसवले, फिरायला रस्ता झाला, कारंजं आलं, आणि घरभाडं आमच्या आवाक्याबाहेर जायला लागलं. काकांच्या डोक्यातला नकाशा मात्र फॅक्टरीपाशीच थांबला. भाजीवाला 'वाळूच्या मैदानात', दवाखाना 'होड्यांच्या धक्क्यावर'. नवे भाडेकरू वैतागायचे. माझा मुलगा म्हणायचा, "काका, लोकेशन पाठवा ना."

"मी इथं उभा आहे. लोकेशन कुणाचं पाठवू?"

जुनी इमारत पाडायला घेतली की ते आमच्या खिडकीत कप घेऊन बसत. भिंत कोसळली की म्हणत, "खलास. वहिनी, अजून एक गेली." रडगाणं नाही. चहात साखर तेवढी जास्त मागत.

त्या दिवशी फोनवरच्या बाईनं बिल्डिंगचं नाव विचारलं.  काका माझ्यावर वाकून म्हणतात, "वहिनी, आपल्या बिल्डिंगचं नाव काय हो?"

मला श्वास पुरत नव्हता. तरी सांगितलं.

"मग आधी सांगायचं ना!" वर मलाच बोलणी.

नाव सांगूनही त्यांना धीर निघेना. लुंगीवरच खाली धावले. गाडी तळ्याच्या पलीकडे वळत होती. हे भर रस्त्यात उभे राहिले आणि माझा पोळ्यांचा पंचा हलवत राहिले. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून शिव्या घातल्या. ॲम्ब्युलन्स परत वळेपर्यंत हलले नाहीत.

पुढे काकांना त्यांच्या लेकीनं चिपळूणला नेलं. तिथून फोन आला, "वहिनी, इथं सगळं जागच्या जागी आहे. करमत नाही."

मागच्या थंडीत ते झोपेतच गेले. त्यांना कसलाच आजार नव्हता. कळ माझ्या छातीत आली होती. मी आहे.