पप्पांचा एक रविवार

मी शिरूर सोडलं तो रविवार होता, म्हणून पप्पा मला स्टँडवर सोडायला आले नाहीत. आई आली. किटबॅग माझ्या खांद्यावर आणि डब्याची पिशवी तिच्या हातात, अशा आम्ही मिशन कंपाउंडच्या फाटकातून निघालो तेव्हा चर्चची घंटा सुरू झाली होती. पप्पा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उपासनेला चालले होते. ते थांबले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "रविवार आपला न्हाई, एस्तेर. सोमवारी निघ म्हनलो असतो, पन तुमची निवड रविवारीच असती." एवढं बोलून ते आत गेले. मी पुण्याची एसटी धरली. दुपारी क्लबची निवड चाचणी होती.

तुमच्यापैकी जे शिरूरहून दुबईला, कॅनडाला गेले ते हसतील. शिरूर ते पुणे हे काय स्थलांतर? लोक सकाळी जाऊन संध्याकाळी दळण आणायला परत असतात. पण मी परत गेले नाही, हा फरक. क्रिकेट खेळायचं तर रविवार लागतोच, आणि आमच्या घरात रविवारी कपडे धुवायलाही बंदी होती. सणाला जायचे, दोन दिवस राहायचे, शनिवारी रात्रीच्या आत निघायचे. पप्पा रागावले कधीच नाहीत. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं.

आणि क्रिकेट मला शिकवलं कोणी, तर त्यांनीच. ते मिशनच्या शाळेत पीटीचे सर होते. शाळा सुटली की चिंचेखाली खडूने चौकोन आखायचे आणि म्हणायचे, "ह्येच्यात टाक." मी डावखुरी. आईला काळजी, की पोरगी डाव्या हाताने जेवते, लोक नावं ठेवतील. पप्पा म्हणायचे, "राहू दे, त्यो हात कामाचा हाय." तरुणपणी त्यांची जिल्ह्याच्या संघात निवड झाली होती. मॅच रविवारी होत्या, ते गेले नाहीत. त्याचं कधी वाईट वाटलं का, हे विचारायची आमची टाप नव्हती.

पुण्यात तेव्हा मुलींचं क्रिकेट म्हणजे मुलांकडून मैदान रिकामं झालं तर. शिरूरच्या टेलरने शिवलेली पांढरी पँट, मापात न बसणारे पॅड, आणि बघायला एखादा वॉचमन. परगावी स्पर्धा असली की कुठल्यातरी शाळेच्या वर्गात गाद्या टाकून झोपायचो. पोटासाठी मी एका जिमच्या काउंटरवर बसायचे. खोटं कशाला सांगू, मजा होती. मग माझी तिशी उलटली आणि सगळं एकदम आलं. टी-ट्वेंटीची लीग आली, पाठीवर नाव असलेली जर्सी आली, फिजिओ आला, लॅपटॉपवाला अॅनालिस्ट आला. आता शिरूरकडच्या न्हावऱ्याच्या, कवठे येमाईच्या पोरींना बापच बाईकवर बसवून नेटला सोडतात आणि बाहेर शेंगदाणे खात थांबतात. मला त्या पोरींचा हेवा वाटतो. अगदी पोटात दुखावं इतका वाटतो, आणि तसं म्हणायची लाजही वाटत नाही.

त्या लीगमध्ये एका संघाने मला घेतलं. अनुभवी म्हणून घेतलं, म्हणजे वय झालं हे चांगल्या शब्दांत सांगितलं. त्याच सुमारास पप्पांना काचबिंदू असल्याचं कळलं, आणि कळलं तेव्हा उशीर झाला होता. नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसायचं, तेही धुरकट. डॉक्टर म्हणाले, राहिलंय ते टिकेल तितके दिवस टिकेल. पप्पांनी मला मॅचमध्ये बॉल टाकताना एकदाही पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही नाही. संघात आले त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. त्यांचे डोळे जायच्या आत त्यांनी माझी एक ओव्हर बघावी. एकच.

पहिल्या तीन मॅच मी डगआउटमध्ये बसून काढल्या. शनिवारी संध्याकाळी कोच म्हणाले, "उद्या तू खेळतेस." मॅच रविवारी सकाळी होती. दिव्यांखालच्या मॅच पुरुषांच्या, आमच्या नेहमी सकाळच्या. मी घरी फोन केला तो नुसता सांगायला. पप्पांनी किती वाजता ते विचारलं. मग म्हणाले, "गाडी बघतो." नंतर आईकडून कळलं, की ते तसेच उठून पाळकसाहेबांकडे गेले, सलाम केला आणि म्हणाले, "उद्या मी येनार न्हाई." पुढच्या बाकावरची त्यांची जागा रिकामी दिसली तेव्हा मंडळींना वाटलं, सरांचं काहीतरी बरंवाईट झालं. उपासना संपल्यावर दोघंजण घरी बघायला आले, तर दाराला कुलूप.

दौंडच्या दाजींनी गाडी काढली होती. दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. ते गाडीपाशीच थांबले आणि आई-पप्पा प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये जाऊन बसले. ते मला दिसत होते. टॉसच्या आधी कोच माझ्याजवळ आले. समोरच्या संघात डावखुऱ्या बॅटर जास्त होत्या, माझा फिरकी बॉल त्यांच्या बॅटवर आत जाणार, अॅनालिस्टच्या हिशेबात ते बसत नव्हतं. त्यामुळे माझ्याऐवजी एक ऑफस्पिनर मुलगी खेळणार होती. "सॉरी यार," ते म्हणाले. त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. मी राखीव खेळाडूचं बिब घातलं आणि पाण्याच्या बाटल्या उचलल्या.

दुसऱ्या डावात मध्येच स्टँडकडे पाहिलं, तर पप्पा उभे राहून टाळ्या वाजवत होते. ऑफस्पिनरची ओव्हर चालू होती. आई त्यांच्या कानाशी लागून काहीतरी सांगत होती. मला वाटलं, चला, निदान खेळ तरी आवडला. मॅच संपल्यावर गेटवर भेटले तेव्हा पप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "शेवटचा बॉल झ्याक वळला गं," ते म्हणाले. मी आईकडे पाहिलं. आई पदर सारखा करत होती. तिला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. दुसऱ्या पोरीची अख्खी ओव्हर तिने माझ्या नावाने सांगितली होती.

मी "हो, पप्पा" म्हटलं. खरं कसं सांगणार? पप्पांनी ती ओव्हर कंपाउंडभर सांगितली, पाळकसाहेबांना सांगितली, दूधवाल्याला सांगितली. त्या मोसमात मला एकही मॅच मिळाली नाही, आणि पुढच्या वर्षी कुठल्याच संघाने माझं नाव घेतलं नाही. मी हैदराबादच्या एका शाळेत कोचची नोकरी धरली. तिथल्या मुली मला मॅम म्हणतात, मी त्यांच्याशी हिंदी-इंग्लिशची खिचडी बोलते आणि रात्री कुकरला एकटीचा भात लावते. पप्पांची नजर पूर्ण गेली. ताईने दोघांना दौंडला नेलं. शिरूरच्या मिशनच्या खोल्या दुसऱ्या मास्तरांना मिळाल्या. घरी जायचं म्हणजे आता मी दौंडला जाते, जिथे मी कधी राहिलेच नाही.

गेल्या नाताळात गेले होते. आई खाली भाजी आणायला गेली होती. पप्पा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते.

"त्या दिवशी तुझ्या ओव्हरीत आठ बॉल पडले," ते म्हणाले. "आई 'टाकला, टाकला' म्हनत व्हती, मी बोटावर मोजत व्हतो."

"दोन वाईड गेले, पप्पा."

"तू कवा वाईड टाकलाय?"

खालून मालगाडी गेली, ती जाईपर्यंत ते थांबले.

"कोन व्हती ती?"

"ऑफस्पिनर. लहान व्हती, तवा सतरा वर्षांची."

"चांगली हाय?"

"चांगली हाय."

"बरं." त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. "आईला म्हनू नगं. तिला वाटंल, तिचंच सांगायचं चुकलं."

घर म्हणजे आता काय, असं तुम्ही बाहेर गेलेली माणसं फोनवर विचारता. मला एवढंच सांगता येतं. माझ्या हातून आता काही होईल, अशी आशा तिथे कुणालाच उरलेली नाही, मलाही नाही. आई वाढता वाढता मी न टाकलेली ती ओव्हर पुन्हा सांगते. पप्पा "व्हय, व्हय" म्हणतात. आणि मी मान खाली घालून जेवते.