सिस्टरनं परतवलेला प्याला

बोलताना समोरच्याचं मनगट धरायची सिस्टरना सवय होती. तुम्ही उपासना संपल्यावर चर्चच्या पायरीवर चपला शोधत असा, नाहीतर गाड्यावर कोथिंबिरीची जुडी निवडत असा, मागून येऊन त्या मनगट धरणार, नाडीवर दोन बोटं ठेवणार आणि विचारणार, "खाल्लं का?" नाडीचा आणि खाण्याचा संबंध काय, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण खोटं बोलायची सोय नसे. 'हो' म्हटलं तरी त्या थोडा वेळ बोटं तशीच ठेवत आणि मग म्हणत, "नाय खाल्लं. चल घरी."

मिशनच्या एका दवाखान्यात नर्स म्हणून उभं आयुष्य काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांना नाव होतं, पण छावणीतल्या आमच्या मंडळीत ते कुणी घेत नसे. सिस्टर म्हणजे त्याच. चर्चमागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर, बाहेरून जिना असलेली वरची एक खोली, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. प्रार्थनेवर त्यांचा विश्वास होता, लांबलेल्या प्रार्थनेवर नव्हता. कुणाच्या आजारपणात आमचे पाळकसाहेब डोळे मिटून स्वर्गापासून सुरुवात करीत आणि चहा निवेपर्यंत पृथ्वीवर येत. ते आमेन म्हणाले रे म्हणाले की सिस्टर विचारत, "प्रार्थनेचं झालं. आता पुढं काय?" दवाखान्यात कोण नेणार, डबा कोण देणार, हे ठरल्याशिवाय त्या कुणाला उठू देत नसत.

मी औरंगपुऱ्यात एका पुस्तकांच्या दुकानात नोकरी करतो आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवतो. पेटीवाला मंडळीकडं तोंड करून बसतो. पाळकही तसेच उभे असतात, पण त्यांचे डोळे बहुधा मिटलेले. त्यामुळं आमच्या चर्चमध्ये काय काय घडलं ते सगळं बघणारा मी एकटाच, असं म्हटलं तरी चालेल.

तुम्ही कधी आमच्याकडं आलात तर एक गोष्ट तुमच्या लक्षात येणार नाही, कारण ती सांगितल्याशिवाय दिसत नाही. आमच्या चर्चमध्ये मधल्या वाटेच्या डावीकडं बाकं आहेत आणि उजवीकडं बाकं आहेत. आमचे आजे-पणजे गंगापूरच्या आसपासच्या खेड्यांतून आले. सगळेच गावकुसाबाहेरचे, पण दोन वेगवेगळ्या वस्त्यांमधले. ते ख्रिस्ताकडं आले, एकमेकांकडं आले नाहीत. एक वस्ती डावीकडं बसली, दुसरी उजवीकडं. आज कुणी विचारलं तर आम्ही म्हणतो, छे, आमच्यात तसलं काही नाही. आणि मुलीचं स्थळ बघताना आधी आडनाव विचारतो, बाजू कळावी म्हणून.

सिस्टर जन्मानं डावीकडच्या. लग्न केलं उजवीकडं. त्या लग्नाला दोन्हीकडचं कुणी आलं नाही. दवाखान्यातल्या आया आणि एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई, एवढंच वऱ्हाड. पुढं जन्मभर त्या एका रविवारी डावीकडं बसत आणि दुसऱ्या रविवारी उजवीकडं. त्यांना कुणी अडवलं नाही. इंजेक्शन सगळ्यांनाच लागतं.

बराका आमच्याकडं आला तो करोना ओसरल्यानंतर. टांझानियाचा मुलगा, इथं फार्मसी शिकायला आलेला. आधी राहत होता तिथल्या घरमालकानं इमारतीतले लोक तक्रार करतात म्हणून खोली सोडायला सांगितली होती. तक्रार कसली, हे घरमालकालाही नीट सांगता आलं नव्हतं. रस्त्यात पोरं त्याच्या मागं 'हबशी, हबशी' ओरडत. या शहराला पाणी मिळावं म्हणून ज्यानं नहर खोदली तो वजीर हबशीच होता. आमच्याकडं ती आता शिवी आहे.

तो पहिल्यांदा आला आणि डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसला. बिचाऱ्याला काय ठाऊक. बाकावरची माणसं हळूहळू भिंतीकडं सरकली, मग एकेक करून मागं गेली. दुसऱ्या गीतापर्यंत ते आख्खं बाक त्याचं एकट्याचं झालं. सिस्टरचा तो उजवीकडचा रविवार होता. त्या उठल्या, मधली वाट ओलांडून त्याच्या शेजारी बसल्या आणि त्याचं मनगट धरलं. काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण तुम्ही ओळखलंच असेल.

त्या आठवड्यात तो त्यांच्या वरच्या खोलीत राहायला आला. नाव सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बराका म्हंजे बरकत. आपलंच नाव हाय की." तो त्यांना 'मामा' म्हणायचा, त्याच्या भाषेत आईला तसं म्हणतात. सिस्टर दरवेळी बजावायच्या, "मामा म्हंजे आईचा भाऊ. मला मावशी म्हण." तो मान डोलवायचा आणि परत मामाच म्हणायचा. शेवटी त्यांनीच हार मानली आणि गल्लीतली पोरंही त्यांना मामा म्हणायला लागली. मराठी तो त्यांच्याकडूनच शिकला, त्यामुळं त्याच्या तोंडी 'लई' आणि 'व्हय' असायचं. आवाज मात्र असा खर्जातला की आमच्या चर्चच्या जुन्या गीतांना खालून पाया लागल्यासारखं वाटायचं. मी इतकी वर्षं पेटी वाजवतोय. त्याच्या आवाजापुढं मला ती पहिल्यांदा अपुरी वाटली.

मग प्रभुभोजनाचा रविवार आला. आमच्याकडं परदेशी मिशनऱ्यांच्या काळातला एक चांदीचा प्याला होता. सगळ्यांनी त्याच प्याल्यातून द्राक्षरसाचा घोट घ्यायचा, पाळक प्रत्येकानंतर काठ पुसणार. करोनानंतर काही तरुणांनी सुचवलं होतं की आता प्रत्येकाला वेगळा छोटा प्याला द्यावा. तेव्हा पंचकमिटीचे चिटणीस तावातावानं उभे राहिले होते. प्रभूनं एक प्याला दिला, तो आम्ही तोडणार नाही, म्हणाले होते. तर त्या रविवारी पुढं गुडघे टेकलेल्यांच्या रांगेत आधी सिस्टर, मग बराका, आणि त्याच्या पलीकडं हे चिटणीस. बराकानं घोट घेतला. पाळकांनी काठ पुसला आणि प्याला पुढं नेला. चिटणिसांनी ओठ मिटूनच प्याला टेकवल्यासारखं केलं. त्यांच्या मागं उभे असलेले चारसहाजण वळले आणि जागेवर जाऊन बसले. डावीकडचेही होते, उजवीकडचेही.

पुढच्याच आठवड्यात सभा बोलावली. विषय होता आरोग्य. चिटणीस म्हणाले की काळ बदललाय, स्वच्छता पाहिजे, वेगवेगळे प्याले आणावेत. बराकाचं नाव कुणी काढलं नाही. तो तिथं नव्हताच. सिस्टर उठल्या. मी त्यांना सभेत बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं.

"मी नर्स हाय. रोग कसा पसरतो ते मला नका शिकवू," त्या म्हणाल्या. "माझी आय गावच्या विहिरीपासून लांब हुबी राहायची. कुणी कणवाळू बाई आली तर वरून ओंजळीत पाणी वाढायची. तुमच्या आयाबी तशाच हुब्या राह्यल्या. आणि आता आपण वरून वाढायला लागलो व्हय?"

मग चिटणीस समजावणीच्या सुरात म्हणाले, "सिस्टर, त्या पोराचं वाईट कोण म्हणतंय? पण तो आपल्यातला नाय."

"आपल्यातला म्हंजे कुठला? डाव्या बाकांवरला का उजव्या?"

पाळकसाहेबांनी प्रार्थना करू या म्हणून डोळे मिटले. प्रार्थना झाली आणि हात वर झाले. मी पेटीवरून बघत होतो. जी माणसं एकमेकांच्या लग्नात जेवत नाहीत, त्यांचे हात एकाच वेळी वर गेले. डावी बाजू, उजवी बाजू, सगळी. आमच्या मंडळीचा समेट झाला तो त्या दिवशी, आणि एवढ्यापुरताच झाला.

चांदीचा प्याला कपाटात गेला. काचेचे छोटे प्याले आणि त्यांचं तबक आलं. पहिल्यांदा ते तबक फिरलं तेव्हा सिस्टरनं एक प्याला उचलला, त्याच्याकडं बघितलं आणि होता तसा भरलेला परत ठेवला. त्यानंतर त्यांनी प्रभुभोजन घेतलंच नाही. चर्चला येणं सोडलं नाही, बाक बदलणं सोडलं नाही. बराका घ्यायचा. त्याला खरं कारण त्यांनी सांगितलं नव्हतं. पण त्याला ते कळत नव्हतं असं समजण्याइतका तो मूर्ख नव्हता. एकदा मी त्यांना म्हटलं, सिस्टर, झालं गेलं सोडून द्या, क्षमा कितीदा करायची ते शास्त्रातच सांगितलंय.

"द्यायला मी बसलेच हाय रे," त्या म्हणाल्या. "मागायला कुणी यील तर ना."

पुढच्या वर्षी चिटणिसांच्या पायाला जखम झाली. साखरेचा आजार, जखम भरेना, डॉक्टर बोट काढावं लागेल म्हणू लागले. कुणी न बोलावता सिस्टर रोज सकाळी पट्टी करायला जाऊ लागल्या. त्यांचे गुडघे गेलेले, म्हणून बराका त्यांना स्कूटरवर सोडायचा आणि फाटकाबाहेर लिंबाखाली उभा राहायचा. आत बोलावणं कधी आलं नाही. एक दिवस सिस्टरनं चिटणिसांच्या बायकोला दोन चहा मागितले. आतून चहा आले, एक चिनी मातीच्या कपात आणि एक कागदी कपात. सिस्टर दोन्ही कप घेऊन फाटकाबाहेर आल्या, बराकाच्या हातात चिनी मातीचा दिला आणि कागदीतला स्वतः प्यायल्या. हे मला बराकानंच सांगितलं, हसत हसत.

पट्टी करताना चिटणीस एकदा त्यांना म्हणाले होते की सिस्टर, प्रभुभोजन घेत जा, लोक नावं ठेवतात. सिस्टर म्हणाल्या, "पाय हलवू नका." पट्टी बांधून झाल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, की तो बाहेर उभा आहे, एक शब्द बोला त्याच्याशी. चिटणीस म्हणाले, बघू. पाय बरा झाला, बोट वाचलं. अजूनही चिटणीस कुठंही सांगतात, सिस्टरचा हात फार हलका.

बराकाचं शिक्षण संपलं. शेवटच्या रविवारी मंडळीनं त्याचा निरोपसमारंभ केला, आणि काय थाटाचा केला. शाल, हार, पेढे. पाळकसाहेब 'आफ्रिकेतले आपले प्रिय बंधू' असं म्हणत भरभरून बोलले. डावीकडचे आणि उजवीकडचे त्याच्याबरोबर फोटो काढायला एकमेकांना ढकलत होते. हार चिटणिसांनी घातला. त्यानं उत्तरादाखल मराठीत सांगितलं, की इथं मला एक आई मिळाली, लई उपकार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टर फोटोला उठल्या नाहीत. मी पेटी झाकत होतो, तर माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "जाणाऱ्याला हार घालाया काय लागतं."

तो गेल्यावर त्यांनी वरची खोली कुणाला दिली नाही. मनगट धरायच्या, पण बोटं लवकर काढून घ्यायच्या. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी दूधवाल्यानं दार वाजवलं, ते उघडलं नाही.

दफनाच्या दिवशी एक अडचण निघाली. आमच्या दफनभूमीतही दोन बाजू आहेत. नवऱ्याशेजारी पुरावं, तर त्याच्या भाऊबंदांनी सांगितलं की तिथं आता जागा उरलेली नाही. माहेरच्या बाजूला विचारलं, तर ते म्हणाले, सिस्टर लग्न करून तिकडच्या झाल्या. ज्यांच्या घरी त्यांनी बाळंतपणं केली ती माणसं हे सांगत होती, आणि डोळे पुसत सांगत होती. शेवटी अगदी मागं, कुंपणाच्या भिंतीला लागून खड्डा खणला. चिटणीस कबरीशी बोलले. सिस्टरनं आपल्या सगळ्यांना जोडलं, समेटाची सेवा केली, असं म्हणाले. म्हणताना त्यांचा आवाज खरोखर फुटला. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला मला जड जातं, पण नव्हता.

बराकाला मी कळवलं होतं. माझ्या नावानं मूठभर माती टाक, एवढाच त्याचा निरोप आला होता. मी एक मूठ टाकली, मग दुसरी. चिटणीस शेजारी काठी टेकून उभे होते. त्यांनी विचारलं, "दोन कशाला?"

मी सांगितलं, एक त्याची.

लोक फाटकाकडं निघाले होते. चिटणिसांनी खिशातून मोबाईल काढला आणि चष्मा वर सरकवला. "नंबर दे त्याचा. सिस्टर लई मागं लागल्या होत्या, बोल म्हणून. आता बोलून टाकतो एकदा."

मी नंबर सांगितला. त्यांनी एकेक आकडा दाबला आणि थांबले.

"नाव काय रे त्या पोराचं?"

"बराका."

त्यांनी ते सावकाश, अक्षर अक्षर शोधत लिहिलं. मग मान वर न करता विचारलं, "आणि आडनाव?"