आजारी नसलेल्या गावाची नर्सबाई

कुरणवाडीत माणूस आजारी पडला, की त्याला आधी शिव्या मिळतात आणि मग औषध. दोन्ही नीलम्मा नर्सबाईंकडेच मिळतात आणि दोन्ही फुकट. औषध कधी कधी संपतं. शिव्या संपल्याचं अजून कुणी ऐकलेलं नाही.

बाईंचं माहेर निपाणीच्या पलीकडचं. कागल तालुक्यातल्या आमच्या गावी त्या अठ्ठ्याऐंशी साली आल्या, दोन खोल्यांच्या सरकारी उपकेंद्रात. रागावल्या की मराठीत सुरुवात करायच्या आणि मराठी अपुरी पडली की कानडीत शिरायच्या. "सुम्क कुंदर!" म्हणजे गप्प बस, एवढं कानडी गावातल्या म्हशींनाही कळायला लागलं होतं.

गाव पैलवानांचं. घरटी एक पोरगा तालमीत. शंभर किलोच्या गड्याला पाठीवर घेणारा पिराजी इंजेक्शन बघितलं की तालमीच्या मागच्या भिंतीवरून उडी टाकायचा. धनुर्वाताच्या सुईसाठी बाईंनी त्याला एकदा उसाच्या फडात गाठला. सुई टोचली तेव्हा तो ओरडला, तो आवाज मुरगूडपर्यंत गेला असं म्हणतात. मुरगूड नऊ किलोमीटर आहे.

बाई केंद्रात बसून रोग्यांची वाट बघत नसत. सकाळी सहाला त्या विहिरीवर असायच्या. पाण्यात जंतू मारायची टीसीएल पावडर पडली की नाही ते स्वतः वास घेऊन बघायच्या. मग गरोदर बायांची घरं. कुठल्या सुनेला सातवा लागलाय हे सासूच्या आधी बाईंना ठाऊक. परिणाम असा झाला, की शहाण्णवनंतर गावात जुलाबाची साथ आली नाही आणि बाळंतपणात एकही बाई दगावली नाही. गावाला वाटायचं, आपली माती चांगली. केरबा वस्तादांना वाटायचं, आपल्या तालमीचा पुण्यप्रताप.

मग दोन हजार दोन साल उजाडलं आणि सरकारची तिजोरी रिकामी असल्याची बातमी आमच्यापर्यंत पोहोचली. पेपरातून नाही, जीपमधून. म्हणजे जीप यायची बंद झाली. डिझेल नव्हतं. त्याच जीपमधून दर बुधवारी पोरांची लस यायची.

बाईंनी दुसऱ्याच दिवशी बाळासोचा दुधाचा टेंपो अडवला. बाळासो पहाटे गावचे कॅन घेऊन मुरगूडला जायचा आणि नऊपर्यंत रिकामे कॅन घेऊन परतायचा. वाटेवरच लस मिळणारं मोठं आरोग्य केंद्र.

"येताना लसीचा डबा आणायचा. बर्फ असतोय आत. उन्हात ठिवायचा न्हाय, कुठं च्याला थांबायचं न्हाय."

"बाई, मी दूधवाला हाय. सरकारचं सामान नासलं तर?"

"दूध नासलं तर तुझा एक दिस बुडतोय. हे नासलं तर गावची पोरं बुडत्यात. बघ बा."

बाळासोनं त्या दिवसापासून वाटेतला चहा सोडला. गावात तो स्वतःची ओळख 'आरोग्य खात्याचा माणूस' अशी करून द्यायला लागला.

जीपनंतर बँडेज संपलं, मग रिकाम्या जागा भरणं थांबलं आणि शेवटी तो कागद आला. रोज दहापेक्षा कमी रुग्ण येणारी उपकेंद्रं काटकसरीसाठी शेजारच्या उपकेंद्रात मिळवून टाकावीत. कुरणवाडीचं रोजचं प्रमाण होतं तीन. त्यातले एक केरबा वस्ताद, जे ब्लडप्रेशर मोजायला यायचे आणि भांडून ते वाढवून जायचे.

शेजारचं उपकेंद्र वेदगंगेच्या पलीकडं. पावसाळ्यात बंधारा बुडाला की चार-चार दिवस तिकडं जाता येत नाही. पोटातलं पोर मात्र पाणी ओसरायची वाट बघत नाही. त्या वर्षी श्रावणात गावात सात बाया मोकळ्या व्हायच्या होत्या. आणि येत्या बुधवारी जिल्ह्याहून साहेब तपासणी करून केंद्राची किल्ली घेऊन जाणार होते.

मंगळवारी संध्याकाळी वस्तादांनी तालमीत बैठक बोलावली. बाईंना न सांगता.

"साहेबास्नी गिऱ्हाईक पायजे न्हवं? देऊ की! उद्या समद्यांनी आजारी पडायचं."

"काय झालंय म्हणून सांगायचं, वस्ताद?" पिराजीनं विचारलं.

तालमीचा नियम असा, की वस्तादानं एक सांगितलं की सगळ्यांनी तेच करायचं. एकानं बैठक मारली तर सगळ्यांनी बैठक. वस्ताद म्हणाले, "एकानं डोकं, एकानं गुडघा, असं केलं तर घोटाळा हुतोय. समद्यांनी एकच सांगायचं. जुलाब!"

बुधवारी साडेआठला साहेब आले. केंद्रासमोर चौतीस पैलवान पोट धरून रांगेत उभे. दंडांना तेल, मानेवर गर्दनखेच करून उठलेले घट्टे आणि चेहऱ्यावर बाळंतपणाच्या कळा. साहेबांनी पहिल्याला विचारलं. जुलाब. दुसऱ्याला. जुलाब. सातव्यापर्यंत साहेबांच्या कपाळावर घाम आला.

"दिवसातून किती वेळा?" त्यांनी पिराजीला विचारलं.

हे वस्तादांनी शिकवलं नव्हतं. दिवसातून किती, या प्रश्नाचं पिराजीच्या आयुष्यात एकच उत्तर होतं.

"पाचशे," तो म्हणाला.

शेजारचा पोरगा नम्रपणे म्हणाला, "माझं तीनशेच हुत्यात साहेब. मी नवा हाय."

साहेबांना आकडा ऐकू गेला की नाही कोण जाणे. रांग बघूनच ते पांढरे पडले होते. "ही तर साथ आहे! अहो, हे बंद कसलं करायचं, इथं पथक बसवलं पाहिजे. फोन कुठाय? तालुक्यातलं सगळं सलाईन इकडं मागवतो." वस्तादांनी मागं बघून डोळा मारला. कुस्ती चितपट!

तेवढ्यात विहिरीवरून नीलम्माबाई आल्या. हात पावडरीनं पांढरे. रांगेवरून त्यांनी एक नजर फिरवली आणि चौतीसच्या चौतीस पोटं आत गेली. त्या गप्प राहिल्या असत्या, तर केंद्र वाचलं होतं.

"साहेब, फोन करू नका," त्या म्हणाल्या. "ह्यातल्या एकालाबी काय झाल्यालं न्हाय. सकाळी एकेकानं तांब्याभर दूध ढोसलंय."

"अवो आक्का, गप बसा की!" वस्ताद कुजबुजले. त्यांची कुजबुज पन्हाळ्यावर ऐकू जाते.

"तुम्ही सुम्क कुंदर! तालुक्याला सलाईनच्या बाटल्या हाईत किती? आधीच तुटवडा. त्या हितं रेड्यांच्या उशाला आल्या आणि तिकडं खरंच कुणाचं पोर जुलाबानं सुकलं, तर त्येच्या आईला तुम्ही काय सांगनार? बैठका?"

वस्तादांनी मान खाली घातली. त्यांना अशी मान खाली घालायला लावणारा मल्ल जिल्ह्यात झाला नव्हता.

साहेब आता चिडले. "म्हणजे फसवणूक! रुग्ण तीन, तेही खरे की खोटे देव जाणे. बाई, किल्ली द्या."

"देत न्हाय."

"हा शासनाचा आदेश आहे."

"असंल. माझं ऐका. हितं आजारी माणूस कमी हाय म्हणून दवाखाना बंद करताय? मग ह्या तालमीची पोरं हरत न्हाईत, वस्तादालाबी घालवा! मी रोज पहाटं विहिरीवर नाक लावून उभी ऱ्हाते, ती कुणी आजारी पडू नये म्हणूनच न्हवं? रांग पायजे तर सांगा. चार दिस पावडर टाकत न्हाय. खरी रांग लागंल. त्यात तुमचा डायवरबी असंल, आत्ताच विहिरीचं पाणी पिऊन आलाय."

ड्रायव्हर जीपमधून घाबरून उतरला.

"पैसं न्हाईत म्हणता, मान्य. जीप बंद केली, मी दुधाचा टेंपो धरला. बँडेज बंद केलं, माझी जुनी लुगडी उकळून फाडली. तुमचं नडलंय तर मी आणखी भागवीन. पर कुलूप लावू देणार न्हाय. श्रावणात सात बाया हाईत माझ्या. बंधाऱ्यावरनं त्यास्नी तुम्ही खांद्यावर न्हेणार काय?"

एवढ्यात बाळासोचा टेंपो हॉर्न वाजवत आला. लसीचा डबा डोक्यावर घेऊन बाळासो मिरवणुकीतल्यासारखा उतरला. मागोमाग गल्लीगल्लीतून बाया निघाल्या, कडेवर पोरं घेऊन. साहेबांभोवती बघता बघता सत्तावीस लेकरांचं भोकाड जमलं. बनाबाईनं आपला नातू त्यांच्याच हातात दिला. "जरा धरा पावणं, कार्ड हुडकते." नातवानं शासनाच्या शर्टावर तिथंच आपला अभिप्राय नोंदवला.

तासाभरानं साहेब ओल्या शर्टानं परत गेले. किल्ली बाईंच्या पदराच्या गाठीतच राहिली.

कागद मात्र हटला नाही. पुढच्याच महिन्यात कुरणवाडीचं उपकेंद्र सरकारदरबारी बंद झालं आणि बाईंची नेमणूक नदीपलीकडं गेली. बाईंनी ती बिनतक्रार घेतली. सकाळी विहीर आणि कुरणवाडी, दहाला टेंपोतून नदीपार, संध्याकाळी पुन्हा कुरणवाडी. पूर आला की त्या अलीकडंच राहायच्या आणि पगार कापा म्हणून कळवायच्या. त्या श्रावणात बंधारा दोनदा बुडाला. सातही बाया सुखरूप मोकळ्या झाल्या, त्यातली एक पिराजीची बायको. वस्तादांनी त्या खोट्या जुलाबाची शिक्षा म्हणून पोरांना विहिरीच्या पावडरीची पाळी लावून दिली होती, ती पुढं कुणी बंदच केली नाही.

तीन वर्षांनी दिल्लीहून पैसा आला. बंद उपकेंद्रं पुन्हा सुरू करायची ठरली. दुसरे एक साहेब फीत, नारळ आणि फोटोग्राफर घेऊन कुरणवाडीत आले, तर दार सताड उघडं. दारात पिराजी पोराला खांद्यावर घेऊन घाबरून उभा. त्या दिवशी पोराची सुई होती.

"हे तर चालूच आहे," साहेब म्हणाले.

"बंद कवा हुतं?" आतून आवाज आला. "फीत बांधायची तर बांधा, पर दारातनं बाजूला हून. आत एक बाई बाळंत हुतीया."

साहेबांनी चाचपून बघितलं. कात्री आणायची राहिली होती. बाईंकडं आहे का, म्हणून त्यांनी हळूच विचारलं.

"उकळाया ठिवलीया," बाई म्हणाल्या. "आधी नाळ. मग तुमची फीत."