माझा डावा कान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मित्रांना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असाल, तर माझ्या उजव्या बाजूला बसूनच बोलत असाल — सगळे तसेच बसतात.

लग्नाला आठ महिने झाले होते. सायकलीचं वेड माझं. रविवारी सकाळी ऑफिसातल्या तिघांबरोबर जवळच्या कुंभारीपर्यंत जाऊन यायचं आणि आल्यावर हिमालय चढून आल्यासारखं बोलायचं — असा मी. अश्विनी शाळेत असताना सायकल चालवायची, तेवढीच. पण उजनी धरणाच्या काठाकाठानं दोन दिवस फिरू, तंबूत राहू म्हटलं, तर लगेच तयार झाली. तिचं माहेर मोडनिंबचं. सायकली मेव्हण्याच्या टेम्पोत टाकून आधी तिथं गेलो. सासूबाईंनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली, वर म्हणाल्या, "घर असताना रानात झोपायचं, ही कुटली हौस म्हनायची?"

पहिला दिवस — खरं सांगू? तसा दिवस पुन्हा आला नाही. उसाच्या कडेनं वाट, खाली लांबच लांब पाणी, उथळात उभे असलेले पक्षी. तंबू वाकडा उभा राहिला म्हणून आम्ही पोट धरून हसलो. दिवस मावळताना ती पाण्याकडे बघत हळू आवाजात बोलत राहिली, लहानपणचं, आईचं, माझ्याशी लग्न ठरलं तेव्हा वाटलेल्या भीतीचं. तिचा तो आवाज... असो. मुद्द्यावर येतो. टाळत नाहीये — म्हणजे, टाळतोच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढं होतो, ती वीसेक पावलं मागं. वाटेत धनगरांची मेंढरं बसली होती. तीन कुत्री भुंकत सुटली. मागं तिची सायकल चिखलात घसरली, हे मला आवाजावरून कळलं. मग ती ओरडली, "अहो, थांबा!" एकदा नाही, तीनदा. तिसऱ्यांदा तर नाव घेऊन. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. तिनं घेतलं.

आणि मी? मी पायडल मारत राहिलो. वळून बघितलंसुद्धा नाही. कुत्री आपल्यामागं नाहीत, हे कळल्यावर हायसं वाटलं — हो, हायसंच वाटलं. दुसरा शब्द शोधला, पण सापडला नाही.

पुढच्या मोरीपाशी थांबलो, श्वास घेतला आणि मग परतलो. तोवर एका धनगरीणबाईनं काठी घेऊन कुत्री हाकलली होती. अश्विनीच्या पोटरीला कुत्रं चावलेलं. बाई साबण लावून जखम धूत होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एवढी वरडत हुती की पोरगी. ऐकू न्हाय आलं व्हय?"

आता सांगा, बुडत्याला काडी अशीच मिळते ना? माझा हात आपोआप डाव्या कानाकडे गेला. "या कानानं जरा कमी येतं," मी म्हणालो. एवढंच वाक्य. त्याआधी ते माझ्या डोक्यातही नव्हतं.

अश्विनीच्या डोळ्यांत तोवर राग होता. तो माझ्यादेखत विरघळला. पायातून रक्त येत असताना तिनं माझ्या कानावर हात ठेवला आणि म्हणाली, "आधी सांगायचं की हो. मी उगीच चिडले." माफी तिनं मागितली. माझी. मी मान हलवली.

तिची इंजेक्शनं पूर्ण झाली आणि ती मला सात रस्ता चौकाजवळच्या एका कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. आवाज आला की बटण दाबा, असं त्यांनी सांगितलं. डावीकडे आवाज येत होते, स्वच्छ. मी बटण दाबलं नाही. काचेपलीकडे ती बोटं एकमेकांत घट्ट अडकवून बसली होती. उजवा कान चांगला आहे, मशीन नको, असा निकाल लागला. ती वाटभर माझी समजूत घालत आली.

तेव्हापासून मी एका कानानं बहिरा आहे. लग्नाकार्यात ती पाहुण्यांना सांगते, "यांच्या ह्या बाजूनं बोला." सासूबाई तर फोनवर असं ओरडायच्या, की फोन नसता तरी मोडनिंबहून ऐकू आलं असतं. हसू येतं, हो, मलाही येतं. पण घरातून तो हळू आवाज गेला. ती माझ्याशी मोठ्यानं बोलते — भाजी, गॅस, लाईटबिल. मनातलं मोठ्यानं कसं बोलणार? आणि ते नसलं, तर उरतं काय? एका खोलीत दोन माणसं. मला फार एकटं वाटतं. तिलाही वाटतं, हे मला कसं माहीत, तेच सांगायचं राहिलंय.

ती माझ्या डाव्या बाजूला असली, की कधीकधी स्वतःशी बोलते. भिंतीशी बोलावं तसं. सुरुवातीला किरकोळ असायचं — शेजारणीचा राग, मीठ जास्त पडल्याची चुटपुट. मी न ऐकल्यासारखं करून सगळं ऐकायचो. खोटं कशाला बोलू, त्याची चटक लागली होती.

गेल्या उन्हाळ्यात तिची आई गेली. पंधरा दिवसांनी, एका दुपारी, मी पेपर वाचत होतो आणि ती डावीकडे बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, "मला लई एकटं वाटतंय हो. जवळ घ्या म्हनून वरडून कसं सांगू?"

मला ऐकू आलं. शब्द न् शब्द. वळलो असतो, तर सगळंच उघडं पडलं असतं.

मी पेपरचं पान उलटलं. तिनं डोळे पुसले, घड्या उचलल्या, माझ्या उजव्या बाजूला आली आणि मोठ्यानं विचारलं, "चहा टाकू का?"

मी म्हणालो, "टाक."